लवंगमासीचा ओटा

मसाला कांडायला आली की पिशवी माझ्या हातात देण्याआधी ती लवंगांची पुडी उघडायची. त्यातली एक लवंग उचलायची, अंगठ्याच्या नखाने तिचं डोकं दाबायची आणि नख नाकाशी न्यायची. नखाला तेल लागलं तर ठीक. नाही लागलं तर माझ्याकडे असं बघायची, जणू लवंग मीच बिघडवली. "दिकरी, ये लौंग नहीं, लौंग की मैयत है," म्हणायची. दिकरी म्हणजे लेक. पुडी तिनेच बाजारातून आणलेली असायची, पण बोलणी खायची मी.

माझं नंदुरबारात मिरची कांडप आहे, बसस्टँडकडे जाणाऱ्या गल्लीत. सासऱ्यांनी टाकलं, नवऱ्याने चालवलं, आता मी चालवते. मिरचीच्या हंगामात तुम्ही आमच्या गावात उतरला असाल तर रिक्षात बसायच्या आतच शिंकला असाल. आमच्याकडे नवी सून सहा महिने शिंकते, मग जन्मभर शिंकत नाही. माझी जीभही त्याच मिरचीची आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत, कांडप चालवायचं तर गोड बोलून भागत नाही.

तर ही लवंगमासी माझ्या समोरच राहायची. गल्लीत तिला याच नावाने हाक मारत. खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. बोहरी घरातली. फुलाफुलांचा, झालरीचा रिदा, म्हणजे त्यांच्याकडचा रंगीत बुरखा, घालायची आणि त्याला हळद लागली तरी तिला पर्वा नसायची. नवऱ्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं: घमेली, पावडे, विळे, कड्या-कोयंडे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. खाली बंद शटर, वर माडीवर मासी आणि शटरसमोर लांबच लांब दगडी ओटा. मी मासी म्हटलं की गल्लीतल्या कुणाच्याही डोळ्यांपुढे आधी तो ओटा येतो.

मासी जन्मली झांजिबारला. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बेट आहे ते, आणि बेटावरच्या शहराचंही नाव तेच. लेकीच्या शाळेच्या नकाशात मी एकदा शोधलं होतं, तिळाएवढं दिसलं. पण मासीच्या तोंडून ऐकलं तर नंदुरबार, शहादा, तळोदा सगळं त्या तिळात मावून वर जागा उरेल. तिचं दर चौथं वाक्य "हमारे उधर"ने सुरू व्हायचं. हमारे उधर गल्ल्या अशा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दाराशी सरकायचं. हमारे उधर दारांना नक्षी आणि पितळेचे हे एवढाले खिळे. हमारे उधर बंदरावर उतरायच्या आधीच लवंगेचा वास येणार.

आणि माणसं किती प्रकारची. अरब, बोहरी, खोजे, कच्छकडचे भाटिये, पारशी, गोव्याचे शिंपी, शेजारच्या बेटांवरचे खलाशी, आणि ज्यांचं मुळात ते बेट ते स्वाहिली बोलणारे लोक. दिवाळीला भाटियांकडून ताट यायचं, ईदला मासीच्या घरून जायचं, नाताळात गोव्याचा शिंपी केक पाठवायचा. मला हे जरा अतीच गोड वाटलं. मी विचारलं, भांडणं नव्हती का गं तुमच्याकडे? "बहुत थीं," ती म्हणाली, "लेकिन बैठ के." मग थोड्या वेळाने तिने हेही सांगितलं की त्यांच्या घरी भांडी घासणारी स्वाहिली बाई ओट्यावर सगळ्यांबरोबर बसायची, पण घरात त्यांच्या थाळीवर तिला कधी कुणी बोलावलं नाही. हे तिला पोरपणी दिसलंच नव्हतं. इथं आल्यावर, आमची घरं बघून दिसलं.

त्या शहरात प्रत्येक घराबाहेर दगडी बाक असतो. त्याला ते बराझा म्हणतात. तिथं कुणीही येऊन बसावं. संध्याकाळी कॉफीवाला यायचा, पितळी किटली, तिच्या बुडाशी निखारे, आणि हातातल्या चिमुकल्या वाट्या एकमेकींवर वाजवत. बसलेल्या सगळ्यांना तीच कॉफी, त्याच वाट्या. नियम एकच: वाटी रिकामी होईपर्यंत नाव-गाव विचारायचं नाही.

मासी लग्न होऊन इथं आली ती अठराएक वर्षांची. सासरच्या दुकानासमोरचा ओटा पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, हा तर बराझा आहे, आणि बसली की त्याच्यावर. नवी नवरी, भर बाजाराच्या गल्लीत! सासूने डोक्याला हात लावला. नवरा मुलखाचा अबोल माणूस, तो आत गेला आणि एक चटई आणून ओट्यावर अंथरून गेला. दुसऱ्या दिवशी सासूही येऊन बसली, कारण आत फार उकडत होतं.

आता कॉफीचं ऐका. मासीची कॉफी म्हणजे काळीकुट्ट, बिनसाखरेची, वर सुंठ आणि वेलदोडा. कडूजहर. नंदुरबारात कॉफी तेव्हा कुणी पीत नव्हतं, आणि बिनसाखरेचं पाहुण्याला द्यायचं असतं हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मासीने हौसेने गल्लीभर वाट्या फिरवल्या. माझ्या सासूबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि निकाल दिला, "कडू शे, म्हणजे गुणकारी शे." झालं! दुसऱ्या दिवसापासून लोक ओट्यावर दुखणी घेऊन यायला लागले. कुणाचा ताप, कुणाची मोडशी, कुणाची जुनी कंबर. मासीला वाटलं, काय प्रेमळ गाव आहे, सगळे कॉफी प्यायला येतात. लोकांना वाटलं, काय दिलदार बाई आहे, काढ्याचा पैसा घेत नाही.

आणि तुम्हाला म्हणून सांगते, याच चुकीने तिचा ओटा भरला. बोहऱ्याच्या घरचं पाणी न पिणारी आमची सासू, आणि सासूच्याच वाटीला हात न लावणारी कोपऱ्यावरची शुक्लीण, दोघी एका किटलीतलं त्याच वाट्यांतून प्यायल्या. विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, "औषदले इटाय नही ऱ्हास." औषधाला कसला आलाय विटाळ? मासीला खरा प्रकार कळला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. ती पोट धरून हसली, पण तिने कुणाला सुधारलं नाही. फक्त काढ्यात सुंठ वाढवली, म्हणजे निदान खोकल्याला तरी उपयोग व्हावा.

पुढे त्या ओट्यावर खरी हक्काची गर्दी झाली ती डोंगरातल्या बायकांची. हंगामात धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडच्या बायका मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला येतात. मैदानभर मिरची पसरलेली, वर ऊन, दिवसभर तिच्यात हात. संध्याकाळी एसटीची वाट बघत बसायचं कुठे? दुकानदार पायरीवर बसू देत नाहीत. या मासीच्या ओट्यावर बसायच्या. मासी त्यांच्या आग होणाऱ्या हातांना खोबरेल लावायला द्यायची, वाटी भरायची आणि म्हणायची, "पोले."

हा शब्द तिच्या बेटावरचा. कुणी ठेचकाळलं, कुणाला ताप आला, कुणाच्या डोक्यावर ओझं दिसलं, कुणाचं माणूस गेलं, सगळ्याला एकच, पोले. माझा नवरा गेला तेव्हा बाया गळ्यात पडून रडल्या, देवाची मर्जी म्हणाल्या, कुणी पोरांकडे बघ म्हणालं. मासी माझ्याजवळ बसली, पोले म्हणाली आणि गप्प बसून राहिली. मला त्या वेळी तेच बरं वाटलं. नंतर मी अर्थ विचारला. म्हणाली, अर्थ एवढाच की तुझा त्रास मला दिसला. "दवा नहीं है मेरे पास. पर दिखा, इतना तो बोलूं."

रागवायची तिची तऱ्हाही उधरचीच. तिच्याकडे तिकडची दोन सुती कापडं होती, एक पिवळं, एक लाल. कांगा म्हणायची. तिकडच्या बायका ती कमरेला आणि डोक्यावरून घेतात, आणि काठाजवळ एक ओळ छापलेली असते. शेजारणीशी तोंडाने भांडायचं नाही, तिला लागेल अशी ओळ निवडायची, ते कापड गुंडाळायचं आणि तिच्या दारावरून सावकाश जायचं. इथं ती ओळ वाचणार कोण? पण मासीने सोडलं नाही. कुणाचा राग आला की लाल कांगा माडीच्या कठड्यावर लटकलाच. गल्लीला सवय झाली. सकाळी दूधवाला विचारायचा, आज लाल कुणासाठी? मग ज्याने त्याने आपापली आठवण तपासायची, काल मी काय बोललो. त्या ओळीचा अर्थ तिने मला सांगितला होता: तुमचं बोलणं ऐकून झालं, आता माझं गप्प बसणं ऐका.

असं सगळं चाललेलं असताना एका दुपारी ओट्यावरून किटली गेली.

किटली तिच्या माहेरची, बेटावरून आणलेली, पितळी, बाकदार तोटीची. बाजाराचा दिवस, ओटा भरलेला, मासी नमाजाला वर गेली आणि खाली येते तो किटली नाही. कुणी नेली ते आजपर्यंत कळलेलं नाही. पण गल्लीला लगेच कळलं. डोंगरातल्या बायकांनीच नेली. दुसरं कोण? मला हे पटलं नव्हतं, त्यांच्यातली एक म्हातारी किटली गेली म्हणून मासीपेक्षा जास्त रडली होती. पण ओट्याला ग्रिल लावावी हे मलाही पटलं होतं, हे मी लपवत नाही. एकटी बाई, वय झालेलं, खाली दिवसभर अनोळखी माणसं. मी तोंडावर बोलले, "मासी, आते तरी ग्रिल बसाडी ले. आज किटली गयी, उद्या तुन्हा गळा धरतीन."

दुसऱ्या दिवशी कठड्यावर लाल कांगा लटकला. आज कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

आठवड्याने सुरतेहून तिचा पुतण्या आला, दिराचा मुलगा. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या या ओट्यावर काढलेला, आता सुरतेत त्याचं चांगलं चाललंय. काकीवर जीव. तो ग्रिलवाल्यालाच घेऊन आला. त्याने वर पाहिलं, लाल कापड अजून लटकलेलं दिसलं, आणि हा चाळिशीचा बाप्या हसत हसत ग्रिलवाल्याला म्हणाला, आज नको रे, आज माप घेतलं तर मला जेवायला मिळणार नाही.

मला मात्र चैन पडेना. मी संध्याकाळी कांडप बंद करून ओट्यावर जाऊन बसले. मासी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कॉफी उकळत होती. मला वाटलं बोलणारच नाही. ती बोलली, आणि जे एवढ्या वर्षांत बोलली नव्हती ते बोलली.

ती सोळा-सतराची असताना तिकडे राज्य उलटलं. अरबांची, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची घरंदुकानं लुटायला टोळ्या निघाल्या. हे मला ढोबळ माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की त्यांच्या दुकानावर जी टोळी आली, तिच्या पुढे कोयता घेऊन असलेला माणूस रोज त्यांच्या बराझ्यावर बसणारा होता. तिच्या वडिलांच्या हातून कॉफीची वाटी घेतलेला. आणि मागच्या दाराने येऊन ज्या कोळ्याने त्यांना आपल्या घरात लपवलं, पुढे बंदरापर्यंत पोचवलं, तोही त्याच बराझ्यावर, त्या पहिल्याच्या शेजारी बसायचा. घर सोडताना आईने हाताला लागली ती किटली उचलली आणि तिच्यात मूठ मूठ करून लवंगा भरल्या. दुसरं काही घ्यायला वेळच नव्हता.

"अब तू बोल, दिकरी," मासी म्हणाली. "मेरी माँ जाली लगाती, तो वो पहला रुकता? वो तो दीवार तोड़ के आता. लेकिन वो दूसरा? वो किधर से आता?"

मी वाटी पुढे केली. तिने पातेल्यातून कॉफी ओतली. अर्धी खाली सांडली, कारण पातेल्याला तोटी नव्हती. तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांत पाणी आलं, किटलीसाठी. मला एक तिचाच शब्द सुचला, पण तिच्यासमोर तो म्हणायची लाज वाटली.

ग्रिल लागली नाही. ओटा उघडाच राहिला आणि पातेल्यातली कॉफी सांडत राहिली.

मागच्या हिवाळ्यात मासीच्या छातीत पाणी झालं. पुतण्या गाडी घेऊन आला. तिला खुर्चीत बसवून खाली आणलं तर म्हणाली, थोडं ओट्यावर बसवा. बसली. माझ्या कांडपाच्या पोत्यावर एक लवंग पडली होती, ती मागून घेतली, नखाने दाबली, हुंगली. तेल लागलं असावं, कारण मला काही बोलली नाही. ती सुरतेतच गेली, मातीही तिथंच झाली. गल्लीला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आम्हाला तिचं तोंडही दिसलं नाही, आणि याचा मला अजून राग आहे, कुणावर ते मात्र माहीत नाही.

महिन्याभराने पुतण्या आणि त्याची बायको घर आवरायला आले. जुन्या कपड्यांचं एक गाठोडं बायकोने माझ्याकडे दिलं, म्हणाली, मशीन पुसायला होतील. उघडलं तर आत दोन्ही कांगा. मी ते घडी करून माझ्या ट्रंकेत ठेवले. मशीन पुसायला माझ्याकडे चिंध्या पुष्कळ आहेत.

मग शटर भाड्याने गेलं. मोबाईलवाल्याला हवं होतं, आणि त्याची अट होती, ओटा ग्रिलमध्ये बंद पाहिजे, समोर ही गर्दी चालणार नाही. पुतण्या बिचारा काय करेल, घर त्याचं, सुरतेहून रोज राखण थोडीच करणार? एका सकाळी ग्रिलवाला आला. तोच जुना. टेप काढून ओट्याचं माप घ्यायला लागला, पुतण्या शेजारी उभा. मी कांडप सुरू करत होते. बोलायचं मनात खूप होतं, पण मी कोण बोलणारी? नात्याची ना गोत्याची. मी घरात गेले, ट्रंक उघडली आणि लाल कांगा आणून माझ्या दारावरच्या दोरीवर टाकला, ओळ रस्त्याकडे करून.

दूधवाल्याने सायकल थांबवली. कोपऱ्यावरची शुक्लीण, आता ऐंशीची, दारात येऊन उभी राहिली. पुतण्याने मागे वळून पाहिलं. दोरीवरचा कांगा दिसला, आणि तो ओट्यावर बसला, लहानपणी बसायचा तसा, पाय वर घेऊन. मी चहा नेऊन दिला. कप रिकामा होईपर्यंत मी त्याला काही विचारलं नाही.

कप खाली ठेवून तो ग्रिलवाल्याला म्हणाला, "शटरला लाव. ओटा सोड." मोबाईलवाला कुरकुरला, पण दुकान त्याने सोडलं नाही. बसस्टँडची वाट आहे ही, दुसरीकडे अशी जागा कुठे मिळते?

परवा हंगामातली पहिली मिरची पथारीवर पडली. संध्याकाळी ओट्यावर चार-पाच बायका टेकल्या. त्यांत ती म्हातारी होती, किटलीसाठी रडलेली. कॉफी मला जमत नाही, आणि खरं सांगते, तो कडू काढा मला कधी आवडलाही नाही. मी चहा करते, भरपूर साखरेचा, त्यात एक लवंग. वाट्या मात्र मासीच्याच, शुक्लिणीने पुतण्याकडून मागून आणून दिल्या. म्हातारीने वाटी हातात घेतली, बंद माडीकडे पाहिलं आणि विचारलं, "डोसी कथी गयी?" डोसी म्हणजे म्हातारी. मासी तिच्याहून लहान असली तरी ती मासीला डोसीच म्हणायची.

मी म्हटलं, "गयी वं माय. सुरतले गयी, तथंच मरी गयी." आणि एवढे महिने ठणठणीत फिरणारी मी, तिथं भर गल्लीत, हातात माझी चहाची किटली घेऊन रडायला लागले.

म्हातारीने मला देवाची मर्जी सांगितली नाही. तिने वाटी ओट्यावर ठेवली, मिरचीने लाल झालेला हात माझ्या मनगटावर ठेवला आणि म्हणाली, "पोले, बाई."